डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मधलं मोठं आवार

बारावी सायन्सचा निकाल लागला की शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या घरांत मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा जो विचार होतो, त्यात आरोग्याच्या क्षेत्रातल्या दोनच वाटा येतात. मार्क चांगले असतील तर लातूरला रूम करून द्यायची, मेस लावायची, नीटसाठी एक वर्ष रिपीट करू द्यायचं आणि एमबीबीएसला नंबर लागतो का ते बघायचं. लागण्यासारखा नसेल तर नर्सिंगला टाकायचं. दोन्ही वाटा मानाच्या आहेत. मराठवाड्यातल्या हजारो घरांत पहिला कायमचा पगार नर्स झालेल्या लेकीनं आणला, हे मी विसरत नाही. पण दवाखाना या दोघींवर चालत नाही. डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मध्ये एक मोठं आवार आहे, त्यात शेकडो प्रकारची कामं चालतात, आणि आपल्याकडच्या मुलींना त्या आवाराचं फाटकच कुणी दाखवलेलं नाही. ही प्रस्तावना त्या आवाराची आहे. बारावीच्या मुलींसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि सल्ला देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडते त्या शिक्षकांसाठी ती लिहिली आहे.

साकोळहून किंवा येरोळहून धाप लागते म्हणून आलेली पन्नाशीची बाई डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर तिला पाच-दहा मिनिटं तपासतात. त्याआधी आणि त्यानंतर तिचं रक्त कुणी तरी काढतं, त्यातलं हिमोग्लोबिन मोजतं, छातीचा एक्स-रे काढतं, ईसीजीची पट्टी घेतं, थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का ते पाहतं. औषधाची चिठ्ठी वाचून गोळ्या देणारं आणि त्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हे सांगणारं कुणी असतं. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं लावून देणारी आरोग्यमित्र टेबलाशी बसलेली असते. (या योजनेचं पहिलं रूप २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात नांदेड होता.) डॉक्टरांचा निर्णय या सगळ्यांच्या कामावर उभा असतो. प्रयोगशाळेत आकडा चुकला तर निदान चुकतं, मग डॉक्टर कितीही हुशार असोत.

डॉक्टर, दंतवैद्य, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी देशात पूर्वीपासून स्वतंत्र कायदे होते. महाराष्ट्रानं फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) यांची परिषद या शतकाच्या सुरुवातीला कायद्यानं उभी केली. उरलेल्यांना मात्र फार काळ ‘टेक्निशियन’ या एकाच नावाखाली दाटीवाटीनं बसवलं गेलं. २०२१ साली संसदेनं या सगळ्यांसाठी एक कायदा केला आणि त्यात दहा गटांत पन्नासहून जास्त व्यवसायांची नावं घेतली. ती यादी पाहिली की आपल्याला डोळ्यांचा नंबर काढून देणारी, डायलिसिसचं यंत्र चालवणारी, कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचार देणारी, मनाच्या आजारात समुपदेशन करणारी अशी किती तरी माणसं एकाच वेळी दिसतात. तीन दशकांपूर्वी यांतली बरीच कामं तालुक्याच्या गावात नव्हतीच. आज आहेत, आणि ती करायला शिकलेली माणसं लागतात.

ही कामं बायकांनीही केली पाहिजेत, हे मी नोकरीच्या संधी मोजून म्हणत नाही. माझं म्हणणं याहून कडक आहे. या कामांत बायका नसतील तर पेशंट बाईची तपासणीच होत नाही, किंवा झाली तरी अर्धवट होते.

ईसीजीचंच घ्या. छातीवर सहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावावे लागतात. चौथ्याची जागा पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधली, म्हणजे बाईच्या बाबतीत डाव्या स्तनाच्या खाली. समोर अनोळखी पुरुष असेल तर साठीतली आजी झंपराची बटणं काढत नाही. टेक्निशियनही संकोचतो, घाई करतो आणि इलेक्ट्रोड जिथं लागेल तिथं, बहुतेक वेळा वर चिकटवतो. इतक्याशा फरकानं पट्टीवरच्या रेषा बदलतात. कधी नसलेला जुना हार्ट अटॅक दिसतो, कधी असलेला लपतो. यंत्र तेच, दवाखाना तोच, डॉक्टर तेच, तरी बाईचा रिपोर्ट पुरुषाच्या रिपोर्टइतका भरवशाचा राहत नाही. तिथं बाई टेक्निशियन असेल तर पडदा ओढला जातो आणि दोन मिनिटांत काम नीट होतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी काढायच्या मॅमोग्राफीचं तर विचारायलाच नको. त्या तपासणीत स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून धरावा लागतो. ते काम परक्या पुरुषानं करायचं म्हटलं तर आपल्याकडची बाई त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा एक ना एक आजार होता. त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. जगभरच्या वैद्यकशास्त्राला हादरवणारा हा अभ्यास होता. आजार होता, दुखणं होतं, पण ज्याच्यापुढे ते सांगता येईल असं माणूस नव्हतं. आपल्याकडे आता रस्ते सुधारले, दवाखाने वाढले. तरी ‘अंग बाहेर येतं’, ‘खोकलं की लघवी गळते’ ही वाक्यं बाई अजून आपल्या जावेलाही सांगत नाही. कडब्याच्या पेंढ्या आणि उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या, बाळंतपणानंतर महिनाभरात रानात गेलेल्या बायकांत हे दुखणं घरोघर आहे. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात ते ताकदीचे करायचे व्यायाम आहेत, आणि सुरुवातीच्या अवस्थेत त्यांचा चांगला उपयोग होतो. हे व्यायाम शिकवणं फिजिओथेरपीचं काम आहे. पण ‘फिजिओ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघा आणि मान शेकणारं मशीन येतं. बीड आणि आसपासच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकण्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, विधिमंडळात गेला, त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चर्चेत शस्त्रक्रिया करणाऱ्यांबद्दल पुष्कळ बोललं गेलं. शस्त्रक्रियेच्या आधी ज्या साध्या उपायांची पायरी असायला हवी होती, ते उपाय द्यायला तालुक्यात बाई फिजिओथेरपिस्ट होती का, हा प्रश्नही तितकाच विचारण्यासारखा होता.

आता थोडं इतिहासात जाऊ. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई ही नावं आपण शाळेत शिकतो, आणि ती शिकलीच पाहिजेत. पण आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निलंगा-उदगीरचा पट्टा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता. आपल्या पूर्वजांची राजधानी हैदराबाद होती. तेव्हा आपल्या वैद्यकाची आधीची पिढी पुण्या-मुंबईइतकीच हैदराबादेतही शोधायला हवी. तिथं १८८० च्या दशकात एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज डॉक्टर वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. त्यांनी आपल्या शाळेत मुलींना प्रवेश दिला. त्या पहिल्या मुलींत रूपाबाई फर्दुनजी ही पारशी मुलगी होती. तेव्हा शस्त्रक्रियेआधी क्लोरोफॉर्म हुंगवून भूल देत, आणि भुलेतच काही माणसं दगावत. ती हृदय थांबून दगावतात की श्वास थांबून, यावर युरोपात वाद पेटला होता. निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. लॉरींचं म्हणणं ठाम होतं: भूल देणाऱ्यानं पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवावं. रूपाबाई याच शाळेत घडल्या, हैदराबादच्या रुग्णालयांत त्यांनी वर्षानुवर्षं भूल दिली आणि १९०९ साली एडिंबरोला जाऊन आणखी शिकून आल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

रूपाबाई शिकलेल्या डॉक्टरच होत्या, मग या प्रस्तावनेत त्यांचं काय काम, असं कुणी विचारेल. काम असं की त्या उभ्या राहिल्या ती जागा पेशंटच्या उशाशी होती. शस्त्र दुसऱ्याच्या हातात आणि श्वास यांच्या नजरेखाली. आज ऑपरेशन थिएटरमधली टेक्निशियन, भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभी राहून ऑक्सिजनचा आकडा वाचणारी, सिलिंडर आणि नळ्या तपासून ठेवणारी मुलगी त्याच जागेवर उभी असते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर तिचं नाव कुणी विचारत नाही. ती जागा किती मोलाची आहे हे मात्र आपल्याच जुन्या राजधानीत एका बाईनं सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

दुसरं नाव कमला निंबकरांचं. अमेरिकेत न्यू जर्सीत जन्मलेली एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि कमला झाली. पुढे तिनं अमेरिकेत व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातली ती पहिली. फिजिओथेरपीची शाळाही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिथंच सुरू झाली. व्यवसायोपचार हे नाव आपल्याकडे फार थोड्यांनी ऐकलेलं आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. लकवा मारलेल्या माणसाचा हात हलायला लागला की फिजिओथेरपीचं पुष्कळ काम झालेलं असतं. व्यवसायोपचार तिथून पुढे विचारतो: या हातानं हे माणूस आता काय करणार? बाई असेल तर तिला भाकरी थापता आली पाहिजे, विळीवर भाजी चिरता आली पाहिजे, नळाखालची घागर उचलता आली पाहिजे, साडी नेसता आली पाहिजे. एका हातानं भाजी चिरायची तर विळीऐवजी काय वापरायचं, ताट सरकू नये म्हणून खाली काय ठेवायचं, चूल ओट्यावर घेतली तर किती श्रम वाचतील, हे सगळं या शास्त्रात शिकवलं जातं आणि प्रत्येक पेशंटच्या घराप्रमाणे नव्यानं ठरवावं लागतं. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघराची आतून माहिती असलेली मुलगी या कामाला जितकी लायक, तितकं दुसरं कुणी असणं अवघड. दुर्दैव असं की राज्यात हे शिक्षण देणारी महाविद्यालयं मोजकी आहेत आणि ती मुख्यतः मुंबई-नागपूरकडे. शिरूर अनंतपाळच्या मुलीनं व्यवसायोपचार शिकायचं तर घर फार लांब सोडावं लागतं.

कमला सोहोनी यांचं नाव आहाराच्या संदर्भात घ्यायला हवं. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटून बसल्या, प्रवेश मिळवला, केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या आणि परत येऊन मुंबईत कडधान्यांवर आणि नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. आहारतज्ज्ञ म्हणजे वजन कमी करायचा कागद देणारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी सोहोनींच्या कामाची दिशा पाहावी: गरिबाच्या ताटात जे आहे त्यातून किती पोषण मिळवता येईल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शुगरच्या पेशंटला ओट्स आणि ब्रोकोली लिहून देणाऱ्या आहारतज्ज्ञ पुष्कळ मिळतात. ज्वारीच्या भाकरीचा आकार, तुरीच्या वरणाचा दाटपणा, चतुर्थीचा उपास आणि शेतात दुपारी न्यायची शिदोरी हे सगळं धरून हिशेब करणारी आहारतज्ज्ञ आपल्याच तालुक्यातून तयार व्हावी लागेल.

वाचा आणि श्रवण या क्षेत्राबद्दल मला विशेष आस्था आहे, ते उघड सांगतो. जन्मतः ऐकू न येणारं मूल वेळेत ओळखलं गेलं, पहिल्या वर्षाच्या आत त्याला श्रवणयंत्र मिळालं आणि बोलायला शिकवणारं माणूस मिळालं, तर ते शाळेत इतर मुलांसारखं बसू शकतं. उशीर झाला तर भाषा शिकण्याची वर्षं हातची जातात. २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन अशी मुलं शोधतात. प्रत्येक पथकात एक पुरुष आणि एक स्त्री डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स असते. पण मूल सापडल्यावर त्याला बोलायला कोण शिकवणार? आपला तालुका कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. देवणी-निलंग्याकडे कन्नड ऐकू येते, उदगीरच्या बाजारात दखनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी, आणि आपली मराठीसुद्धा पुस्तकातली नाही. मुलाची आई घरात ज्या भाषेत बोलते, त्याच भाषेत उपचार व्हायला हवा. चित्रांच्या पत्त्यांवर ट्रॅफिक सिग्नल आणि लिफ्ट असून उपयोग नाही, बैल, आडाळी, कणगी, मोट असली पाहिजे. इथली बोली पाळण्यापासून ऐकलेली मुलगी हा विषय शिकली तर तिच्या हातात असं साधन असेल जे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला मिळवताच येणार नाही. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत हे शिक्षण आहे, पुण्यातही आहे. तीन वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाचं प्रत्यक्ष काम.

प्रयोगशाळेचं काम बाहेरून कोरडं वाटतं. रक्त घ्यायचं, मशीनमध्ये घालायचं, कागद छापून द्यायचा. प्रत्यक्षात चुका मशीनमध्ये कमी आणि मशीनच्या आधी जास्त होतात. बारीक सुईतून घाईनं रक्त ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढलेला येतो. साखरेसाठीचं रक्त योग्य नळीत घेतलं नाही आणि पडून राहिलं, तर पेशी स्वतःच ती साखर खात राहतात आणि आकडा तासाला पाच-सात टक्क्यांनी घसरतो. लातूरच्या मे महिन्यात तर आणखी वेगानं. तालुक्याच्या गावात रक्त घेऊन शहरातल्या लॅबला पाठवणाऱ्या कलेक्शन सेंटरांच्या या दिवसांत, नमुना कधी घेतला, कुठल्या टोपणाच्या नळीत घेतला, किती वेळ उन्हात राहिला, हे जाणणारी टेक्निशियन म्हणजे निदानाची पहिली राखणदार. आणि या वाटेनं पुढे किती लांब जाता येतं हे पाहायचं असेल तर मार्च २०२० आठवा. पुण्यातल्या मायलॅब कंपनीत करोनाच्या तपासणीचा पहिला भारतीय किट मीनल दाखवे भोसले यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, आणि तो मान्यतेसाठी सादर करताना त्या बाळंतपणाच्या अगदी तोंडावर होत्या.

फार्मसीबद्दल एक कटू गोष्ट सांगणं भाग आहे. आपल्याकडे पुष्कळ मुली डी.फार्म. करतात, रजिस्ट्रेशन काढतात, आणि मग त्यांचं सर्टिफिकेट कुठल्या तरी मेडिकलच्या भिंतीवर लटकतं. गल्ल्यावर दुसरंच कुणी तरी बसतं आणि मुलगी घरी. महिन्याला काही रक्कम येते, घरच्यांना ती फुकटची कमाई वाटते. हे बेकायदा आहे, आणि त्या भिंतीखाली चुकीची गोळी गेली तर जबाबदारी सर्टिफिकेटवर नाव असलेल्या मुलीवर येते. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला जास्त खुपतं ते हे की त्या काउंटरवर ती बसली असती तर पाळीच्या गोळ्या, गर्भनिरोधक, सॅनिटरी पॅड, अंगावरून जाण्याचं औषध मागायला आलेल्या बायका तिच्याशी बोलल्या असत्या. अँटिबायोटिक दोन दिवसांत बंद करू नका, हे तिनं सांगितलं असतं. शिकलेली मुलगी घरात आणि तिचा कागद दुकानात, असा व्यवहार आईवडिलांनी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक्स-रेच्या कामाला मुलीला पाठवायचं म्हटलं की घरात भीती उभी राहते: किरणांनी पुढे मूल होणार नाही. भीती समजण्यासारखी आहे, पण तिला मापाचं उत्तर आहे. या कामातल्या प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो आणि माणसाला किती किरणं लागली याची नोंद राहते. भारताच्या अणुऊर्जा नियामक परिषदेनं वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी ती फक्त १ मिलिसीव्हर्ट होते आणि कामाची जागा त्याप्रमाणे बदलून द्यावी लागते. शिशाच्या आडोशामागं उभं राहणं आणि अंतर राखणं हे दोन नियम पाळले तर रोजचं एक्स-रेचं काम या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतं. अंतर दुप्पट केलं की किरणं चौपटीनं कमी होतात, हे बारावीच्या फिजिक्समध्येच आहे. घाबरायचं असेल ते बॅज न देणाऱ्या, आडोसा नसलेल्या सेंटरला. तिथं मुलगाही पाठवू नये.

किल्लारीच्या भूकंपाचाही इथं संबंध येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या बायकांनी घरं उभी करण्याच्या कामात जो भाग घेतला, त्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना माहिती गोळा करायला, अधिकाऱ्यांशी बोलायला, बांधकामावर देखरेख करायला तयार केलं. पुढे याच संस्थेनं आरोग्य सखी तयार केल्या. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी न शिकलेल्या, बहुतेक दलित बायकांना गावाच्या आरोग्याचं काम शिकवलं होतं आणि त्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणांवरून दिसतं ते एकच: कौशल्य शिकवणारं कुणी भेटलं तर आपल्या बायकांना वेळ लागत नाही. लातूरला १९६६ पासून विवेकानंद रुग्णालय आहे, शासकीय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, फार्मसीची आणि फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. नांदेड आणि अंबाजोगाईलाही मोठी सरकारी महाविद्यालयं आहेत. शिकण्याच्या जागा दूर नाहीत.

या क्षेत्राची गोड बाजूच सांगितली तर ती फसवणूक होईल. सरकारी दवाखान्यातल्या या पदांपैकी पुष्कळ आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या अकरा महिन्यांच्या करारावर भरतात. दरवर्षी ऑर्डरची वाट पाहायची, पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. कायम पदांच्या जाहिराती निघतात, पण केव्हा निघतील याचा नेम नसतो. खासगी लॅब पहिल्या वर्षी फार थोडे पैसे देतात. शिवाय या कामाला अजून ओळख नाही. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगी काय करते’ याला ‘ऑडिओलॉजिस्ट’ असं उत्तर दिलं तर समोरचे गप्प होतात. याच्या उलट बाजूला एक मोठा फायदा आहे, तोही आईवडिलांनी ध्यानात घ्यावा. सासर कुठल्याही तालुक्यात मिळालं तरी तिथं लॅब असते, मेडिकल असतं, लकवा मारलेली माणसं असतात, पुष्कळ ठिकाणी डायलिसिसचं युनिटही असतं. गाव बदललं म्हणून हा व्यवसाय मागे सुटत नाही.

नीट देणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण लातूरच्या ट्युशन एरियात ती क्वचित कानावर पडते. एमबीबीएसचा कट-ऑफ हुकला म्हणजे नीटचे मार्क वाया गेले असं नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाचा-श्रवण आणि कृत्रिम अवयव या पदव्यांचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होत आले आहेत. मळणी यंत्रात हात गेलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत, तेव्हा कृत्रिम अवयवांचा विषय मुलींनी बाजूला टाकू नये. तिसऱ्यांदा रिपीट करण्याआधी या पदव्यांच्या यादीतलं प्रत्येक नाव एकदा समजून घ्या. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस यांच्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल पदवी आहे: तीन वर्षं अभ्यास, एक वर्ष प्रत्यक्ष काम. फार्मसीच्या पदवीसाठी सीईटी, आणि ती गणित घेतलेल्यांनाही खुली आहे.

शेवटी प्रवेशाबद्दल. तालुक्या-तालुक्यांत एका खोलीत चालणारी, सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘लॅब टेक्निशियन’, ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ करून देणारी दुकानं आहेत. आपल्या देशात सोनोग्राफी फक्त त्यासाठी पात्र असलेला डॉक्टरच, तोही नोंदणी झालेल्या केंद्रात, करू शकतो. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची ती अट आहे. तेव्हा तसं आश्वासन देणारा खोटं बोलतो आहे, हे तिथंच ओळखा. फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा: हा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, यंदाच्या मान्यतेचं पत्र कुठं आहे, शिकून झाल्यावर नाव कुठल्या परिषदेत नोंदलं जाईल, आणि प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात किती महिने करायला मिळेल. पत्राची तारीख वाचा, फोटो काढून घ्या आणि ते नाव विद्यापीठाच्या यादीत आहे का ते स्वतः पाहा. मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर पैसे परत खिशात ठेवा आणि त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजात चौकशी करून संध्याकाळच्या एसटीनं गावी या.